स्कॅनर कोणता घेऊ, दादा?

१४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तुझं आणि वहिनीचंही ठीक असेल असं धरून चालते. पत्ता वहिनीनं दिला. तिला रागावू नकोस, मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिनं दिला. मेसेज तू वाचतोस आणि सोडून देतोस, म्हणून म्हटलं कागद बरा. कागदाची निदान घडी तरी घालावी लागते.

अप्पा बरे आहेत. वॉकर घेऊन खोलीतून दारापर्यंत येतात, उंबऱ्याशी थांबतात, अंगणाकडे बघतात आणि परत फिरतात. भूक चांगली आहे, चिडचिड त्याहून चांगली. कालच चहा पाणचट झाला म्हणून मला सुनावलं. चहा त्यांनीच केला होता.

आता गाडीचं सांगते. म्हातारी पुन्हा रुसलीय. इंजिनचा पिवळा दिवा लागलाय आणि चढावर आचके देते. वीस वर्षांच्या गाडीनं रुसावं, तो तिचा हक्क आहे, पण माझं काम तिच्यावर चालतं. टेकडीवरच्या टाक्या, झरे, जिथे बाटली बुडवता येईल तिथून पाण्याचा नमुना घ्यायचा आणि सहा तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. तिथे चारही चाकं ओढणारी गाडीच लागते, साध्या गाडीचं ते काम नाही. गेल्या आठवड्यात अर्ध्या चढावर बंद पडली. बाटल्या पाठीवर मारून मी चालत खाली आले, तर प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, नमुने शिळे झाले, परत आणा. पाणीसुद्धा शिळं होतं हे त्या इतक्या गंभीरपणे सांगतात की हसावं की रडावं कळत नाही.

तू इथे असतास तर बॉनेट उघडून, मान वाकडी करून ऐकलं असतंस, "हं" म्हणाला असतास आणि तासाभरात मोकळा झाला असतास. तू नाहीस. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायला मन होत नाही. म्हणून ठरवलं, आपणच शिकायचं, आणि त्यासाठी दोष शोधायचं यंत्र, ते स्कॅनर म्हणतात ते, घ्यायचं. इथपर्यंत सगळं सोपं होतं. मग मी दुकानात गेले.

एका साध्या प्रश्नाला इतकी उत्तरं असतात होय रे? एक अंगठ्याएवढी डबी असते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि मोबाइलवर बघायचं. दुकानदार म्हणाला, "सगळ्या गाड्यांना चालते." आणली, खोचली. मोबाइल म्हणतो, संपर्क होत नाही. किल्ली बंद केली, चालू केली, पुन्हा बंद केली. संपर्क होत नाही. परत नेली तर तोच माणूस तोंड वर करून म्हणतो, "सगळ्या म्हणजे नव्या सगळ्या." मग त्यानं हातात धरायचं, पडदा असलेलं, पिवळ्या रंगाचं दिलं. त्यानं संपर्क केला. एक कोड दाखवला. सोबतच्या पुस्तकात त्या कोडापुढे धुराच्या नळीतला सेन्सर लिहिलं होतं. मी सेन्सर आणला, गाडीखाली उताणी पडून, केसांत गंज घेऊन स्वतः बदलला. दिवा गेला. अप्पांना सुद्धा सांगितलं. तिसऱ्या दिवशी परत लागला.

नाक्यावरचा टायरवाला म्हणतो, ही दोन्ही खेळणी आहेत, ह्या कंपनीच्या गाड्यांसाठी वेगळी वायर मिळते, ती लॅपटॉपला जोडायची, पण लॅपटॉप जुना हवा. माझा नवा आहे. नवी वस्तू घेतल्याचा पश्चात्ताप मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. मोबाइलवर शोधलं तर एक गृहस्थ लिहितात, यंत्र कशाला हवं, सॉकेटातल्या दोन पिना वायरीनं जोडा आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याखाली दुसरे गृहस्थ लिहितात, असं केलंत तर गाडीतला कॉम्प्युटर जळेल. त्याखाली तिसरे लिहितात की वरच्या दोघांना काही कळत नाही. मी वायर हातात घेऊन दहा मिनिटं बसले आणि वायर ठेवून दिली.

तर तू सांग, यातलं घेऊ कोणतं? तू ज्याला हो म्हणशील ते घेईन.

आणि हो, जाता जाता विचारते. यातलं कोणतं यंत्र मधल्या पेटीचंही वाचतं का? म्हणजे ते बटण फिरवलं की दोनाची चार चाकं करणारी पेटी. तिला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो, असं तूच एकदा म्हणाला होतास. त्याच्यात जुनं काही साठून राहतं का, म्हणजे आठ-नऊ महिन्यांपूर्वीचं वगैरे? सहज विचारतेय. पेटीला काही झालेलं नाही.

अप्पांना तुझा निरोप सांगू का? निरोप नसला तरी सांगते काहीतरी.

तुझी
भिंगरी
(हे नाव तूच ठेवलंस, अजून चालतं ना?)

———

२३ ऑक्टोबर

भिंगरीस,

पत्र मिळालं. मी आता गाड्यांना हात लावत नाही. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागून खोकी देतो. तरी विचारलंस म्हणून लिहितो.

आपली गाडी मधल्या वर्षांतली आहे. सॉकेट नव्या गाड्यांसारखं दिसतं, आतली भाषा जुनी. म्हणून स्वस्तातली डबी तिच्याशी बोलू शकत नाही. पिवळं यंत्र इंजिनापुरतं बोलतं, बाकीच्यांशी नाही. पिना जोडू नकोस.

कोड म्हणजे गाडीची तक्रार. निदान नव्हे. पोट दुखतं म्हणणाऱ्याचं पोट कापत नाहीत. सेन्सर उगाच बदललास. आधी इंजिनवरच्या रबरी नळ्या बघ, बोटानं दाबून वाकवून. कुठेतरी चीर असेल आणि हवा शिरत असेल.

यंत्र घेण्याआधी माणसानं एकच विचारायचं, आपल्याला काय बघायचंय. इंजिन बघायचं असेल तर पिवळं पुरे. मधली पेटी बघायची असेल तर सगळे कंट्रोल युनिट, म्हणजे ते छोटे कॉम्प्युटर, वाचणारं मोठं लागतं, टॅबलेटसारखं. ते विकत घेऊ नकोस, टायरवाल्याच्या मेव्हण्याकडे आहे, अर्ध्या दिवसासाठी माग. पेटीत जुने कोड राहतात. बॅटरी काढली तरी राहतात.

पण पेटीला काही झालेलं नाही म्हणतेस आणि पेटीचंच विचारतेस. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. नेमकं काय शोधतेयस?

हँडब्रेकचं शोधत असशील तर ते कोणत्याच यंत्रात दिसत नाही. ती नुसती वायर आहे. मी ओढून बसवलेली. ते माझं मला माहीत आहे, तू त्यात नको पडूस.

अप्पांना सांगायला माझ्याकडे काही नाही.

दादा

———

५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा नळ्यांसाठी. नंतरच्या दोन वेळा कशासाठी ते पुढे लिहिते, लिहिता आलं तर.

नळी मिळाली. हवेच्या डब्याच्या मागे, वाकते तिथेच, खालच्या बाजूला चीर होती. वरून दिसायला एकदम धडधाकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर सेन्सर बदलून बसले. नवी नळी टाकली, दिवा गेला तो गेलाच, दहा दिवस झाले. काल टेकडीवरच्या वरच्या टाकीपर्यंत जाऊन आले, एक आचका नाही. बाई म्हणाल्या, आज नमुने ताजे आहेत. मी म्हटलं, पाणी माझ्यासमोरच टाकीतून निघालं, ताजं असणारच. त्या हसल्या नाहीत.

म्हणजे बघ, यंत्राचं निमित्त संपलं. इंजिन बरं झालं. आता मला स्कॅनरची काहीच गरज नव्हती. तरीही मी टायरवाल्याच्या मेव्हण्याकडे गेले आणि ते मोठं यंत्र मागून आणलं.

खरं सांगायचं तर हे मोठं यंत्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टायरवाल्यानं तेव्हाच सांगितलं होतं, "ताई, मेव्हण्याकडचं न्या, सगळं वाचतं." सगळं वाचतं म्हणाला म्हणूनच मी डबी घेतली, मग पिवळं घेतलं, वायरीचं वाचत बसले. मला काय झालं होतं माझं मलाच कळत नव्हतं. यंत्र हवंही होतं आणि त्यानं वाचू नये असंही वाटत होतं. पत्रात मी तुला डबीची, पिवळ्याची, लॅपटॉपची सगळी कथा लिहिली आणि मेव्हण्याचं यंत्र तेवढं गाळलं. तू ते तिकडे बसून बरोबर ओळखलंस.

टायरवालाच सोबत आला, कारण पडद्यावर इतके चौकोन होते की मला गरगरलं. त्यानं मधल्या पेटीचा चौकोन दाबला. यंत्र बराच वेळ विचार करत बसलं. मग दोन ओळी आल्या. गिअर बदल अपूर्ण. मोटरची जागा अनिश्चित. जुना कोड, आता नाही, पूर्वी कधीतरी.

टायरवाला म्हणाला, "बघा ताई, मी म्हणत नव्हतो? गाडीचाच दोष. पेटी मध्येच अडकली असणार. अशी अडकली की गाडी गिअरमध्ये टाकलेली असली तरी मोकळीच असते, चाकांना कुणी धरत नाही. उतारावर सरळ खाली येणार."

मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. इतकं हलकं की त्याला मी दोन वेळा चहा पाजला. म्हटलं, सुटलो आपण, तूही आणि मीही. गाडीनंच केलं सगळं, बिचारीला कुठे तोंड आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. इथे तर म्हातारीवर सगळं घातलं असतं तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. ती भरपाई मागणार नव्हती.

यंत्राचा तो पडदा मी मोबाइलमध्ये टिपला आणि अप्पांना नेऊन दाखवला. म्हटलं, "अप्पा, यंत्रानं सांगितलं, फेब्रुवारीत पेटी मध्ये अडकली होती. म्हणून गाडी सरकली. यात दादाचा काही दोष नाही."

अप्पांनी चष्मा लावून ते बघितलं. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस, कशाला काय जोडलेलं असतं ते त्यांना समजावावं लागत नाही. म्हणाले, "पेटी अडकली म्हणजे इंजिन चाकांना धरणार नाही. बरं. आणि ब्रेक? ब्रेकची वायर पेटीतून जाते का?"

मी म्हटलं, "नाही. मागच्या चाकांना जाते."

"मग पेटी अडको नाहीतर गळून पडो, ब्रेकनं धरायला हवं होतं. तू ओढला होतास. त्यानं आदल्या दिवशी दुरुस्त केला होता. धरला नाही." चष्मा काढून त्यांनी मोबाइल मला परत दिला. "यंत्रानं तुला सोडवलं गं. त्याला नाही सोडवलं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दादा, मला आता पुढे लिहवत नाही. शब्द आहेत, हात चालत नाही. दोन दिवस दे.

तुझी
भिंगरी

———

८ नोव्हेंबर

दादा,

आज नमस्कार आणि खुशाली नंतर. आधी हे.

मी ब्रेक ओढला नव्हता.

हे वाक्य मी काल एका कोऱ्या कागदावर लिहून बघितलं, मग तो फाडला, आज परत लिहिलं. आता कसं झालं ते सांगते. तुला अंदाज आला असेल, तरी माझ्याकडून ऐक.

त्या दिवशी दुपारी मी वरच्या झऱ्याहून येत होते. बाटल्यांना चार तास होऊन गेले होते आणि बर्फाच्या पिशव्या घरीच फ्रीजमध्ये राहिल्या होत्या. अंगणात चढून आले, गाडीचं तोंड घराकडे, शेपूट उताराला. तेव्हा पेटी चार चाकांवर, हळूच्या गिअरला होती. म्हटलं जाताना रस्त्यावर लागेल म्हणून बटण दोन चाकांवर फिरवलं. दिवा लुकलुकायला लागला. तू मला किती वेळा सांगितलं होतंस, दिवा स्थिर होईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, पेटीतली मोटर सावकाश फिरते, मध्येच वीज तोडलीस तर अर्ध्यातच राहते. दोन सेकंदांचा प्रश्न होता. मी तेवढंही थांबले नाही. किल्ली बंद केली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पळाले. मी नेहमी तसंच करते. गिअर आहे ना, मग ब्रेक कशाला. तू ब्रेक दुरुस्त केलास तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं होतं की उगाच करतोय, मी तर वापरतच नाही.

अप्पा खाली फाटकाशी नळावर बादली भरत होते, गाडीकडे पाठ करून. मला फ्रीजचं दार उघडं असतानाच बादली पडल्याचा आवाज आला.

धावत गेले तेव्हा गाडी फाटकाच्या खांबाला टेकून थांबली होती आणि अप्पा खाली होते. मी आधी अप्पांकडे जायला हवं होतं. मी आधी गाडीत चढले आणि ब्रेक ओढला. का, ते तेव्हाही कळलं नाही, आताही नीट सांगता येत नाही. गाडी आणखी सरकेल अशी भीती वाटली म्हणून, असं मी मला सांगत आलेय. असेलही. शेजारच्या शिंपीणकाकू आल्या, त्यांनी ब्रेकचा लिव्हर वर ओढलेला बघितला आणि विचारलं, "ब्रेक ओढला होतास ना गं?" मी म्हटलं, "ओढला होता." अप्पा कण्हत होते, मला रुग्णवाहिका बोलवायची होती, आणि ते दोन शब्द तोंडातून गेले. इतकंच झालं. त्यानंतर ते मागे घ्यायला आठ महिने चोवीस दिवस मिळाले, आणि मी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तू आलास. गाडी सरळ करायला मी किल्ली फिरवली तेव्हा दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला. पेटीनं आदल्या दिवशीचं राहिलेलं काम पूर्ण केलं. मला तेव्हाच सगळं कळलं. तू खाली आडवा झालास, टॉर्च लावून वायर बघितलीस, उतारावर लावून बघितलीस. ब्रेक धरत होता. तू बाहेर आलास, हात पुसत राहिलास आणि म्हणालास, "आत्ता धरतोय. मग तेव्हा का नाही धरला? भिंगरी, तू नक्की पूर्ण ओढला होतास?" मी म्हटलं, "नक्की." तू म्हणालास, "मग माझंच काहीतरी राहिलं असेल."

तुझ्या डोळ्यांना ब्रेक धरताना दिसत होता. तुझ्या हातांनी तो केला होता. तरी तू तुझे डोळे आणि हात खोटे ठरवलेस आणि माझा शब्द खरा धरलास. तीस वर्षं पाने चालवणाऱ्या माणसानं. मी तिथे उभी होते आणि मी तसं होऊ दिलं. मला त्याची लाज वाटते, दादा. नुसती लाज नाही, किळस येते.

मग अप्पा घरी आले आणि तुला जे बोलले ते मी आतल्या खोलीतून ऐकलं. "ज्याच्या हातावर बापानं विश्वास टाकला त्यानंच बापाचा पाय मोडला." तू तुझ्या गॅरेजच्या शेडवरची पाटी उतरवलीस, अवजारं पेटीत भरलीस, वहिनीला घेऊन गेलास. मी फाटकापर्यंत सोडायला आले होते. तू म्हणालास, "अप्पांकडे बघ." मी म्हटलं, "बघते." तेव्हा सांगता आलं असतं. रोजच सांगता आलं असतं. रोज सकाळी वाटायचं आज सांगू, आणि मग वाटायचं, आता इतके दिवस झाले, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल. त्या गुंत्यात मी अशी अडकले की एक वेळ अशी आली, मला खरंच आठवेना मी ब्रेक ओढला होता की नाही. खोटं बोलून बोलून स्वतःलाच पटतं की काय, कोण जाणे. म्हणून ते यंत्र. वाटलं, यंत्र काहीतरी तिसरंच सांगेल आणि मला काही सांगावं लागणार नाही. यंत्रानं सांगितलंही. पण अप्पा म्हणाले ते खरं आहे, ते मला सोडवतं, तुला नाही. तुला सोडवणारं कोणत्याच दुकानात मिळत नव्हतं.

काल सकाळी मी अप्पांना सांगितलं. त्यांच्या खाटेसमोर खुर्ची ओढून, तुला लिहिलं तेच सगळं, तोंडानं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायलाही उठले नाहीत.

दुपारी वॉकरचा आवाज आला. बघते तर उंबरा ओलांडून अंगणात उतरले होते. एकटे. म्हणाले, "गाडी लाव. त्या दिवशी होती तिथे."

मी लावली. म्हणाले, "गिअर काढ." काढला. "पेटी मोकळी करता येते का?" येते म्हटलं, आणि बटण फिरवून दिवा लुकलुकत असतानाच किल्ली बंद केली, तशीच, त्या दिवशीसारखी. म्हणाले, "आता ब्रेक ओढ." ओढला. मी उतरून मागच्या चाकाला लावायला दगड उचलला तर म्हणाले, "दगड टाक तो."

आणि ते वॉकर टेकवत टेकवत उतारानं खाली गेले, दादा. गाडीच्या मागून. नळापर्यंत. त्या दिवशी जिथे उभे होते तिथे जाऊन गाडीकडे पाठ करून उभे राहिले.

मी किंचाळले असेन. म्हटलं, "अप्पा, बाजूला व्हा, आठ महिन्यांत कुणी बघितलेलाही नाही तो ब्रेक." त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. म्हणाले, "गप्प बस. त्यानं केलाय तो."

किती वेळ उभे होते मला सांगता येणार नाही. मी दाराला धरून उभी होते. गाडी बोटभरसुद्धा हलली नाही. त्यांनी बादली भरली, नळ बंद केला, बादली तिथेच ठेवली आणि वर आले. मी हात द्यायला गेले तर घेतला नाही. माझ्याशी ते अजून बोललेले नाहीत, आणि बोलावं असं मी म्हणूही शकत नाही. रात्री जेवताना फक्त एवढं म्हणाले, माझ्याकडे न बघता, "त्याला लिही. मी कुठे उभा होतो ते लिही."

म्हणून लिहिलं. मला माफ कर असं इथे लिहिणार नाही, ते मागायचा माझा हक्क आज तरी नाही. शिंपीणकाकूंना सांगितलं, टायरवाल्याला सांगितलं, उद्या वहिनीला फोन करून सांगेन. तू माझ्यावर चिडलास तर मी ऐकून घेईन. पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाहीस तरी तेही ऐकून घेतलं असं धरीन. पण तुझे हात खरे होते. ते तुझ्याजवळ परत असू देत.

जिनं ब्रेक ओढला नव्हता,
ती तुझी बहीण